आठ की दोन

दातांच्या डॉक्टरांचा फोन आला तेव्हा कानसेन नुकतेच जेवून आडवे झाले होते. "अ‍ॅम्प छानच बनवलाय हो तुम्ही," डॉक्टर म्हणाले, "पण झांजा झांजांसारख्या वाटत नाहीत. कुणीतरी उशीवर थापट्या मारतंय असं वाटतं."

कानसेन ताडकन उठून बसले. चाळीस वर्षं ते हाताने ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर बनवत होते आणि आवाजात खोट काढायचा हक्क त्यांनी स्वतःखेरीज कुणालाच दिला नव्हता. आवाज मोजायचा मीटर त्यांच्या दुकानात धूळ खात पडलेला असे. मीटर बहिऱ्यांसाठी असतो, असं ते चारचौघांत ठणकावून सांगायचे. कानसेन हे नाव लोकांनी ठेवलं, यांनी ते पाटीवर रंगवून घेतलं. उद्या कान गेले तर पाटीही गेली आणि धंदाही.

"स्पीकरचेच नखरे असणार," ते बायकोला म्हणाले. "चल, डॉक्टरांचे कान टोचून येऊ."

अ‍ॅम्पमधला ट्रान्सफॉर्मर बायको तार गुंडाळून बनवायची, एकेक वेढा मोजून. गिऱ्हाइकापुढे मात्र तो नेहमी "माझा ट्रान्सफॉर्मर" असायचा.

डॉक्टरांचे स्पीकर माणसाहून उंच आणि दाराच्या फळीसारखे पातळ. दिसायला सोज्वळ, पण खायला काळ. कागदावर चार ओहम लिहिलेले. सूर चढून बारीक होत गेला की हे पठ्ठे दीड ओहमवर घसरायचे, म्हणजे अ‍ॅम्पकडे दुप्पट-तिप्पट करंट मागायचे. ट्यूबला ती ओढ झेपत नाही, मग बारीक सूर वाटेतच गडप होतात. अशा खादाडांसाठीच अ‍ॅम्पच्या पाठीमागे तारा जोडायच्या तीन जागा असतात: आठ, चार आणि दोन ओहमची; खादाडाला दोनची. इथे कानसेननी स्वतः ऐकून आठवर जोडणी केली होती आणि वर "मखमल!" असा शेरा मारला होता.

डॉक्टरांनी एक गाणं वाजवून दाखवलं. बायकोने मागे वाकून पाहिलं. "अहो, हे आठवर आहे."

"मी कानाने लावलंय."

"दोनवर लावून बघू या की. काय बिघडतं?"

तिने तार हलवली, गाणं पुन्हा सुरू झालं आणि डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "हेच! आल्या बघा झांजा!"

कानसेनकडे काही आलं नव्हतं. मघाशी जे वाजत होतं तेच आताही वाजत होतं.

"तुम्हाला काय," डॉक्टर कौतुकाने म्हणाले, "पाठ करून बसलात तरी ओळखाल, आठ की दोन!"

"अलबत," कानसेन म्हणाले. त्यांची जीभ नेहमीच त्यांच्या पुढे धावायची.

झालं. खुर्ची भिंतीकडे वळवली. दर वेळी अ‍ॅम्प बंद करायचा, बायकोने तार हलवायची किंवा तशीच ठेवायची, ट्यूब तापायची वाट बघायची, मग गाणं. पहिल्यांदा कानसेननी ठोकून दिलं, "आठ."

"बरोबर," मागून बायको म्हणाली. डॉक्टर खोकले.

"दोन."

"बरोबर." डॉक्टर पुन्हा खोकले.

"पुन्हा दोन."

"बरोबर."

आंधळ्याने मारलेला दगड एकदा लागेल, तीनदा कसा लागेल? चौथ्या खेपेला कानसेननी भिंतीकडे बघत सावकाश सांगितलं, "चार."

चारचा कुणी विषयच काढला नव्हता.

"अगदी बरोबर!" बायको म्हणाली. "म्हटलं, जरा फसवून बघावं तुम्हाला."

डॉक्टरांना या वेळी खोकलाही आला नाही. कानसेन उठले, कोणाकडेही न बघता म्हणाले, "दोनवरच राहू दे," आणि पायांत चपला सरकवून जिना उतरले.

गाडी सिग्नलला थांबल्यावर त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"तीन वर्षं झाली. ताप आला होता तुम्हाला, आठवतं? थर्मामीटर पीं पीं वाजून वाजून थकला आणि तुम्ही आपले तोंडात धरून बसलेले."

"मग तेव्हापासूनचे अ‍ॅम्प?"

"तुम्ही मान डोलवता. तुम्ही दुपारी घोरायला लागलात की मी ऐकते आणि नीट करते. हा एकच सुटला. जोडायला तुम्ही एकटेच गेलात, मी ताईकडे गेले होते ना."

कानसेनना आधी संताप आला, मग लाज वाटली, आणि मग या दोन्हींहून वाईट असं काहीतरी. तीन वर्षं त्यांनी स्वतःचा एकही अ‍ॅम्प पुरता ऐकला नव्हता.

"कशा होत्या झांजा?" त्यांनी विचारलं. "दोनवर."

"तुमचं ते मखमल-बिखमल मला नाही जमत."

"जमेल तसं सांग."

"आधी लख्ख वाजते. ड्रमवाल्याची काठी लागल्याचंसुद्धा वेगळं कळतं. मग नुसती थरथर उरते आणि बारीक होत जाते. संपली म्हणावं तर अजून असतेच. मी मोजलं, सहापर्यंत होती."

"आणि आठवर?"

"दोन मोजेपर्यंत गेली."

सिग्नल सुटला. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गिल्ला केला. तो त्यांना चांगला ऐकू येत होता.

"अहो, चला ना."

"बोंबलू देत त्यांना," कानसेन म्हणाले. "तू पहिल्यापासून सांग."