आडावरची पारख

"पाणी ओढा अन् पाय धुवा," म्हणत दयारामनं दोर पाहुण्याच्या हातात दिला.

बुलढाण्याच्या त्या धर्मशाळेत उतरणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगितलं जायचं. आजारी माणसाला खोली द्यायची नाही, हा पंचांचा नियम. पण विचारून कोण हो म्हणणार? म्हणून राखणदार दयारामनं ही युक्ती काढली होती. आडातून एक बादली वर ओढता आली, की माणूस धडधाकट. या युक्तीचा त्याला अभिमानही होता, हे सांगायलाच हवं.

पाहुणे उंद्रीचे भगवानराव, सोबत बायको वच्छलाबाई. दवाखाना सकाळी उघडणार होता. दिवेलागणीलाच पौषाची थंडी अंगात शिरत होती.

"मीच काढू का पाणी," वच्छलाबाई पुढे झाली.

"त्यायलेच काढू द्या, बाई."

भगवानरावांनी जोर लावला. बादली अर्ध्यावर आली आणि दोर हातातून सुटला. ते ओशाळून हसले. "गावाकडं मोट हाकतो मी, दादा. आजच जरा..." पुढचं खोकल्यात गेलं.

"खोली नाही जमायची," दयाराम म्हणाला.

"काऊन? यष्टीनं थकले ते. कोपऱ्यात पडून राहू."

"मागच्या साली एक जण खोलीत मेला. पंच म्हणे, पुन्हा असं झालं तं तू बी बिऱ्हाड उचल. मी कोठी जाऊ, बाई?"

तो खोटं बोलत नव्हता. वीस वर्षांपूर्वी तोही इथं मुसाफिर म्हणूनच उतरला होता. दारालगतच्या खोलीपलीकडे त्याला जगात जागा नव्हती. त्यानं स्वतःची घोंगडी वच्छलाबाईला दिली आणि समोरचा लिंबाचा पार दाखवला. घोंगडी दिली म्हणून त्याला बरंही वाटलं. माणूस स्वतःला किती स्वस्तात माफ करतो!

सकाळी ऊन वर आल्यावर तो अंगण झाडत होता; पार रिकामा पाहून दोघं दवाखान्यात गेली असं त्यानं धरलं होतं. वच्छलाबाई दारात येऊन उभी राहिली. घोंगडीची नीट घडी करून आणली होती.

"पहाटे गेले ते," ती म्हणाली. "प्रेत दवाखान्यात ठुलं. कंडक्टरजवळ निरोप देल्ला, दीर दुपारच्या यष्टीनं येतीन."

दयारामच्या हातातला झाडू थांबला. ती शिव्या देईल, तळतळाट करील, असं त्याला वाटलं. तिनं तसं केलं असतं तर त्याला सोपं गेलं असतं.

"तोवर टेकू द्या, दादा," ती हळूच म्हणाली. "आता मी एकटीच आहो. मले काही आजार नाही."

 दयारामनं पहिलीच खोली उघडून दिली, चटई अंथरली. वच्छलाबाई भिंतीला टेकून बसली. चटई दोघांना पुरेल एवढी होती. ती एका कडेला सरकून बसली आणि उरलेल्या अर्ध्या चटईवरची धूळ पदरानं पुसत राहिली.