वाटणीत राहून गेलेली हवा

वाटणी झाली तेव्हा दोघा भावांनी एकही गोष्ट सोडली नव्हती. रंधे वाटले, करवती वाटल्या, फळ्या मोजून निम्म्या केल्या. वडिलांचं बसायचं स्टूल कुणी घ्यायचं यावरून तर असा तमाशा झाला, की शेवटी ते शेजाऱ्यालाच देऊन टाकलं. मग फर्निचरच्या त्या लांबलचक शेडमध्ये मधोमध भिंत उभी राहिली, आणि दोघेही आपणच फसलो असं तोंड करून आपापल्या बाजूला गेले. तेव्हापासून बोलणं बंद.

थोरल्यांचं बरं चाललं होतं. पण ज्या मोठ्या दुकानाला ते खुर्च्या पुरवत, त्यांनी एक दिवस फतवा काढला: लहान कारखानदारांनी वीज आणि माल वाचवण्याचं प्रशिक्षण घ्यायचं, नाहीतर पुढची ऑर्डर विसरायची. थोरले चडफडले. या वयात शाळा! पण अडला हरी... ते गेले आणि मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसले.

शिकवणारी मॅडम त्यांच्या मुलीच्या वयाची होती, पण आवाज खणखणीत. "हवा तुम्हाला फुकट वाटते," ती म्हणाली. "पण कॉम्प्रेसर ती विजेवर भरतो. पाइपातून सुस्स आवाज आला की समजा, वीज बाहेर चालली. आणि संध्याकाळी अंगावरचा भुसा उडवायला हवेचा फवारा मारता ना? तो आधी बंद करा. डोळ्याबिळ्यात गेलं म्हणजे?"

सगळे हसले. थोरले हसले नाहीत. त्यांना एकदम संध्याकाळचं ते शेड आठवलं. काम संपलं की धाकटा डोळे मिटून, हात पसरून उभा राहायचा आणि थोरले त्याच्यावर फवारा धरायचे. केसातून, कानामागून, पाठीवरून भुसा उडायचा. मग धाकट्याची पाळी. तो मुद्दाम काखेत फवारा मारायचा, की थोरले उड्या मारत शिव्या द्यायचे. वडील दारातून ओरडायचे, "अरे घोड्यांनो, घरी चला!" भिंत झाल्यापासून थोरले एकटेच फवारा मारत. पाठीपर्यंत हात पोचत नसे. पाठीवरचा भुसा तसाच घरी जाई, आणि बायको रोज बोले.

सुट्टीच्या दिवशी मॅडम कारखान्यात आली. सगळी यंत्रं बंद ठेवून नुसता कॉम्प्रेसर चालवायचा आणि कान लावून फिरायचं, असा धडा होता. शंका आली तिथे साबणाचा फेस लावायचा. बुडबुडे आले की चोर सापडला. थोरल्यांना मजा वाटू लागली. वाडगा आणि ब्रश घेऊन ते शेडभर फिरले, दोन-चार सांधे आवळले आणि मॅडमकडे शाबासकीच्या आशेने पाहू लागले.

पण दाबाचा काटा खाली येतच होता.

"कॉम्प्रेसर म्हातारा झालाय," थोरले म्हणाले. "माझ्यासारखाच धापा टाकतो."

"नाही काका. हवा कुठेतरी जातेय," मॅडम म्हणाली, आणि फळ्यांच्या ढिगामागे शिरली. तिथे पाइप सरळ भिंतीत घुसला होता.

थोरल्यांनी कपाळावर हात मारला. पाइप वडिलांनी घातलेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. भिंत घालणाऱ्याने त्याच्या भोवतीनेच विटा रचल्या होत्या. सगळं वाटलं, पण हवा दिसत नाही, म्हणून ती राहूनच गेली!

"सोपं आहे," मॅडम म्हणाली. "इथे कापून टोक बंद करू."

थोरल्यांनी करवत उचलली आणि तशीच धरून ठेवली. हा पाइप कापला की दोघांमध्ये काहीच शिल्लक राहणार नव्हतं. हे त्यांना स्वतःशीही कबूल करवेना, म्हणून ते चिडले. "म्हणजे इतकी वर्षं तो माझी हवा ओरबाडतोय? बघतोच त्याला!" करवत टाकून, वाडगा उचलून ते तरातरा बाहेर पडले. भांडायला का होईना, पाय त्या दाराकडे निघाले होते.

धाकटे आत होते. सुट्टीलाही कामावर यायची खोड दोघांना एकाच बापाकडून मिळालेली. त्यांचे केस पार पांढरे झाले होते, हे थोरल्यांनी इतक्या जवळून प्रथमच पाहिलं.

"माझी हवा चोरतोस?" थोरले गरजले.

धाकटे बाजूला झाले. कोपऱ्यात पाइपाचं टोक होतं. त्याला ना नळी, ना यंत्र. जुना सांधा नुसता फुसफुसत होता.

थोरल्यांचा आवाज खाली आला. "ऐकू येत नाही का तुला? आवळला का नाहीस?"

"आवळणार होतो. पाना घेतला होता हातात." धाकटे जमिनीकडे बघत म्हणाले. "मग लक्षात आलं, सकाळी तू कॉम्प्रेसर लावलास की हे वाजायला लागतं. म्हणजे दादा आला. मग नाही आवळला."

थोरल्यांनी वाडगा खाली ठेवला.

"तू दवाखान्यात होतास ना, तेव्हा इथे काहीच वाजेना. विचारणार कुणाला, कुठल्या तोंडाने? रोज सकाळी येऊन इथे नुसता बसायचो. मग एक दिवस वाजलं." धाकट्यांनी तोंड फिरवलं. "लहान पोरासारखा रडलो रे."

थोरल्यांना भडभडून आलं. काय करावं सुचेना, म्हणून ते खेकसले, "पाना दे!"

त्यांनी सांध्याला फेस लावला आणि पाना फिरवला. बुडबुडे मोठे झाले, मग बारीक, मग थांबले. शेड एकदम गप्प झालं. भिंतीपलीकडून मॅडम आनंदाने ओरडली, "काका, काटा थांबला!"

धाकटे त्या मुक्या पाइपाकडे बघत राहिले. "आता उद्या मला कसं कळायचं?"

"गाढवा," थोरल्यांचा आवाज फुटला, "चार पावलांवर माझं दार आहे. येऊन बघता येत नाही?"

"तू घेशील आत?"

थोरल्यांनी जोरात होकाराची मान हलवली.

"मग उद्या कशाला," धाकटे म्हणाले, आणि घाईघाईने चपला शोधू लागले.