मानेखाली हात नाही

"पाठीवरून हात फिरवता?" डॉक्टरनं विचारलं.

"हो."

"रोज?"

"रोजच. कामावरून आलं की तासभर." ओठाला दोन टाके पडलेले, त्यामुळे सिस्टरांच्या तोंडून शब्द अर्धेमुर्धेच बाहेर पडत होते.

"मग तो पंख सैल सोडून खाली दबून बसतो? धाप लागल्यासारखं करतो?"

सिस्टरांना वाटलं, ही मुलगी आपल्या घरात खिडकीतून डोकावत होती की काय! त्यांनी नुसती मान हलवली.

"खाल्लेलं उलटून तुमच्या तळहातावर ठेवतो?"

"ठेवतो. मला वाटलं पोट बिघडलंय."

"पोट ठणठणीत आहे. घास भरवतोय तो तुम्हाला." पक्ष्यांची ती तरुण डॉक्टर टेबलावरच्या पिंजऱ्याकडे बघून हसली. "बाई, हा तुम्हाला बायको समजतोय."

सत्तावन्न वर्षांच्या, बिनलग्नाच्या सिस्टर कानापर्यंत लाल झाल्या. पिंजऱ्यातला पांढराशुभ्र काकाकुवा पिवळा तुरा उभारून डॉक्टरवर फिस्कारला.

त्याचं नाव साहेब. सिस्टरांच्या थोरल्या भावानं, दादांनी, पिल्लू असताना त्याला आणलं होतं. दादा कारकून होते. दुसऱ्याच दिवशी ते म्हणाले होते, "छोटे, हा अगदी आमच्या साहेबासारखा ओरडतो गं. कारण नाही, काही नाही, नुसता आवाज." त्यांनीही लग्न केलं नव्हतं. दोन खोल्यांत भाऊ, बहीण आणि साहेब, अशी वीस वर्षं गेली. दादांना जाऊन आता दोन वर्षं होत आली होती.

सिस्टर खरं तर नर्स नव्हत्या. तपासणी केंद्रात रक्त काढायच्या. पण कोट घालून सुई टोचणाऱ्या बाईला लोक सिस्टरच म्हणतात, आणि तीस वर्षांत त्यांनी कोणाची चूक दुरुस्त केली नव्हती. दिवसाला साठ-सत्तर दंड त्यांच्या हाताखालून जायचे. मूठ आवळा, सोडा, कापूस दाबून धरा, पुढचे या. हातात मोजे असायचे. घरी आल्यावर मोजे न घालता त्या ज्याला हात लावायच्या, असा जीव एकच होता.

गेल्या दोन महिन्यांत त्या जिवाला काय झालं होतं कोण जाणे. मोरीशेजारच्या कपाटात शिरून बसायचा, वर्तमानपत्रांचा भुगा करायचा, कोणी कपाटाजवळ गेलं की अंगावर धावायचा. ओरडणं तर असं, की रस्त्यावरची माणसं वर बघायची. आणि परवा सिस्टर फोनवर बोलत होत्या, तर खांद्यावर बसल्या बसल्या त्यानं ओठच फोडला.

"फोनवरच्या माणसाचा राग आला त्याला," डॉक्टर म्हणाली. "अंगात ऋतू आलाय, जोडीदार समोर आहे, घरट्याला कपाट आहे, दिवे उशिरापर्यंत चालू आहेत, वर तुम्ही मऊ, कोमट भरवताय. सगळं त्याला सांगतंय की आता संसार मांड. आणि संसार तर होत नाही. वेड लागायची पाळी आलीय बिचाऱ्यावर."

"मी... मी त्याला त्रास देतेय?"

"मायेनं देताय. पण देताय."

मग तिनं कागदावर लिहून दिलं. कपाट बंद. कागद, खोकी काही द्यायचं नाही. अंधार पडला की पिंजऱ्यावर कापड, बारा तास. कोमट लापशी बंद. कुरतडायला लाकूड, शोधून खायला दाणे. ओरडला तर जायचं नाही, रागावायचंही नाही. हळू आवाज काढला की लगेच 'ओ' द्यायची. शेवटच्या ओळीखाली तिनं दोन रेघा मारल्या : मानेखाली हात नाही.

"वय काय याचं?"

"बावीस."

"अजून पस्तीस-चाळीस वर्षं सहज काढेल." पेनाचं टोपण लावता लावता ती थांबली. "तुमच्यानंतर कोण आहे, बाई?"

सिस्टर पिंजऱ्याची कडी उगाच तपासू लागल्या.

"म्हणून सांगते. एकाच माणसाला चिकटलेला, चावणारा, ओरडणारा पक्षी कोणी ठेवत नाही. आत्ता सवय मोडलीत तर पुढे त्याला घर मिळेल."

बाहेर बाकावर एक आडव्या बांध्याची बाई मांडीवर पिंजरा घेऊन बसली होती. आत राखाडी पोपट. शाळेची बस चालवते, म्हणाली. मध्ये एक बस जाईल एवढं अंतर असल्यासारखं मोठ्यानं बोलायची तिची पद्धत होती.

"ओठ त्यानंच का? माझा हा अंगठा बघा, नखच नाही. आमच्या या पिंजऱ्यातल्या म्हाताऱ्याची कृपा. नंबर लिहून घ्या माझा. काही लागलं तर करा फोन, मी चारनंतर मोकळीच असते."

सिस्टरांनी नंबर घेतला आणि पिंजरा उचलला.

घरी आल्यावर पहिलं काम अवघड होतं. खालच्या मजल्यावर निवृत्त मास्तर राहायचे. त्यांची बायको बरेच महिने अंथरुणाला खिळलेली. साहेब ओरडला की मास्तर काठीनं छत ठोकायचे, आणि महिनाअखेर पक्षी गेला नाही तर तक्रार करीन, असं त्यांनी दारात येऊन सांगितलं होतं. सिस्टर स्वतःच खाली गेल्या.

"मास्तर, एक विनंती होती. छत ठोकू नका."

"वा! चोराच्या उलट्या बोंबा!"

"तसं नाही हो. डॉक्टर म्हणते, त्याला ते उत्तर वाटतं. तो हाक मारतो, तुम्ही ठक ठक करता. त्याला वाटतं, खाली कोणीतरी आहे आपलं."

मास्तरांनी हातातल्या काठीकडे पाहिलं. "म्हणजे दोन महिने मी त्याच्याशी गप्पा मारत होतो?"

"तसंच झालं."

आतून त्यांच्या बायकोचं हसू ऐकू आलं. खोकला आला, तरी हसू थांबेना. मास्तर आत बघत राहिले. मग म्हणाले, "किती दिवस लागतील?"

"आधी वाढेल म्हणाली. मग उतरेल. महिना-दीड महिना द्या."

"ही हसली म्हणून देतो," मास्तर म्हणाले. "पण रोज किती वेळ ओरडतो, ते मी लिहून ठेवणार. मास्तर आहे मी."

आणि ते वाढलंच. सिस्टर घरात पाऊल टाकायच्या आणि साहेब सुरू व्हायचा. भिंतीवरची भांडी झणझणायची. त्या स्वयंपाकघरात स्टुलावर पाठ करून बसायच्या, हातात ओलं फडकं घट्ट पिळून धरायच्या. जायचं नाही. बघायचंसुद्धा नाही. श्वास घ्यायला तो थांबला आणि घशात हळूच कुरकुरला, की त्या ताडकन म्हणायच्या, "ओ, साहेब! आहे मी, इथंच आहे." पुन्हा किंकाळी. पुन्हा फडकं.

मास्तर सकाळी जिन्यात भेटले की हजेरी घेतल्यासारखे सांगायचे, "काल बावन्न मिनिटं." दुसऱ्या दिवशी, "एकसष्ट." नवव्या दिवशी ते नुसतं वहीचं पान दाखवून खाली गेले.

पण ओरडणं सोसवत होतं. सोसवत नव्हतं ते वेगळंच. संध्याकाळी पिंजरा उघडला की साहेब चालत चालत खुर्चीच्या हातावर यायचा, मान वाकवायचा. सिस्टर दोन बोटांनी डोकं खाजवायच्या, तुऱ्याखाली, गालांपाशी. मग तो हळूच वळायचा आणि पाठ पुढे करायचा. तिथं सिस्टर हात मागे घ्यायच्या. तो मान वळवून बघायचा. परत पाठ पुढे करायचा. जणू त्यांना दिसलं नसावं.

"नाही रे राजा," त्या म्हणायच्या आणि हात मांडीखाली घालून बसायच्या.

एकदा त्यांच्यानं राहवलं नाही. रविवार होता, दिवसभर कोणाशी एक शब्द बोलणं झालं नव्हतं. त्यांनी पूर्ण तळहात त्याच्या पाठीवर ठेवला. उबदार, हलका, आत धडधडणारा. पंख सैल पडले, डोळे मिटले. सिस्टरांचेही मिटले. किती वेळ गेला कळलं नाही. त्या रात्री त्यानं कपाटाचं बंद दार चोचीनं फोडायला घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी अंगठ्याचा लचका तोडला. रक्त पुसताना सिस्टर स्वतःशीच मोठ्यानं म्हणाल्या, "त्याचा काय दोष? वचन तू दिलंस." परत कधी त्यांनी तो हात ठेवला नाही.

पाचव्या आठवड्यात मास्तर म्हणाले, "काल अकरा मिनिटं." सातव्यात त्यांनी वही बंद केली. "आमची ही विचारते, साहेब आजारी आहे का?"

साहेब आजारी नव्हता. ऋतू उतरला होता. दिवसभर लाकडाच्या ओंडक्याच्या ढलप्या काढायचा, डब्यांतून दाणे हुडकायचा, अंधार पडायच्या आधी स्वतःच पिंजऱ्यात जायचा. सिस्टर आल्या की एकदा तुरा उभारायचा, 'ओ' ऐकायचा आणि आपल्या कामाला लागायचा. पाठ पुढे करणं त्यानं सोडून दिलं होतं. कधी सोडलं, ते सिस्टरांना नेमकं आठवत नव्हतं, आणि त्याचंच त्यांना वाईट वाटायचं. घर इतकं शांत झालं होतं की घड्याळातला मोठा काटा सरकलेला ऐकू यायचा.

मग एका संध्याकाळी, चारनंतर, त्यांनी बसवाल्या बाईला फोन लावला.

"ताई, येऊ का म्हणून काय विचारता? आलेच!"

ती आली, सोफ्यात धपकन बसली, साहेबाकडे न बघता तिनं आपल्या शाळेच्या पोरांच्या दोन गोष्टी सांगितल्या. तिचा राखाडी पोपट महिन्यापूर्वी गेला होता. तेही तिनं त्याच मोठ्या आवाजात सांगितलं आणि लगेच खिडकीकडे बघितलं.

सिस्टरांनी पाठ केलेलं वाक्य काढलं. "मला काही झालेलं नाही. तब्येत चांगली आहे. पण तो माझ्यापेक्षा जास्त जगणार. माझ्यामागे तुम्ही... म्हणजे तुमची हरकत नसेल तर. अधूनमधून येत राहिलात तर त्याला तुमची ओळख पडेल."

बाई पहिल्यांदाच हळू बोलली. "आणि मी त्याच्याआधी गेले तर?"

"तुम्ही माझ्याहून दहा-बारा वर्षांनी तरी लहान असाल."

"हिशेब करून ठेवलाय की!" ती हसली. मग तिनं हात नुसता शेजारच्या खुर्चीच्या हातावर ठेवला.

सिस्टर चहा टाकायला आत गेल्या. मुद्दामच गेल्या. आधण ठेवलं, साखर घातली, आणि किंकाळीची वाट बघत उभ्या राहिल्या. आली नाही. चहा उकळून वर आला तेव्हा त्यांनी गॅस बंद केला, चहा कपांत ओतला आणि दारातून डोकावलं.

साहेब बसवालीच्या मनगटावर चढून बसला होता. मान तिच्या पुढ्यात वाकवलेली, तुरा आडवा, डोळे मिटलेले. ती नख नसलेल्या अंगठ्यानं त्याचं डोकं खाजवत होती. सिस्टरांची चाहूल लागली, तरी त्यानं डोळे उघडले नाहीत.

सिस्टर दोन्ही कप हातात धरून तिथंच थांबल्या. कपांचा चटका बसत होता, पण ठेवायचं सुचलं नाही.

"बरोबर करतेय ना?" बसवालीनं कुजबुजत विचारलं.

"जरा डावीकडे," सिस्टर म्हणाल्या. "गालामागे. तिथं त्याची चोच पोचत नाही."