डोळ्याचे दार

“दार ठेव ग बाई, दार ठेव! डोळा पुरता मिटवलास तर गळून पडेल!”

मित्रांनो, हा आवाज आठवला की अजून माझे टोक शहारते. आवाज गोजराबाईंचा. हे त्या मलाच बजावायच्या; मी त्यांची जुनी पोलादी लेखणी. गोड बोलायला मला जमणार नाही. माझ्या पोटात राग आहे, आणि तो तुम्हाला सांगितल्याशिवाय मी गंजून मरणार नाही.

शाई मी जन्मात चाखली नाही. स्टेन्सिलचा मेणकागद खरवडायचा, एवढेच माझे काम. मी मेण खरवडते तिथून शाई पाझरते आणि खालच्या कोऱ्या कागदावर चित्र उमटते. पण गोल पुरता ओढला की आतला तुकडा सुटतो आणि डोळ्याच्या जागी काळा डाग पडतो. म्हणून गोजराबाई प्रत्येक गोलाला मोहरीएवढी फट ठेवायच्या. डोळा असो, बांगडी असो की पुनवेचा चंद्र. त्या फटीला त्या दार म्हणत.

छप्पन्न साली, कन्नड मुलखात, बळेपेटेतल्या एका खोलीत आमचे काम सुरू झाले. महिन्याला सोळा पानांची एक चित्रगोष्ट. तुळी नावाची पोर आणि तिची खादाड म्हैस. प्रत्येक चौकोनाखाली गोजराबाईंची ओवी :

म्हैस गेली हेब्बाळा, तळे प्याली घोटभर
तुळी म्हणे बाई माझे, बेडूक ठेव मूठभर

चित्र त्यांचे, ओवी त्यांची, दोऱ्याची शिवणही त्यांची. प्रती काढायच्या यंत्राचा रूळ फिरवायला धाकटे दीर कृष्णाजी. ते दिवसा अप्पासाहेबांच्या छापखान्यात चित्रकार होते. मेणकागद फाटला तर रात्री तेच तो, फटींसकट, पुन्हा उतरवून द्यायचे. मेणकागद उजेडाला धरून म्हणायचे, “वहिनी, म्हैस अगदी तुमच्यासारखी बघते.” “आणि खाते तुमच्यासारखी, भाऊजी,” असे उत्तर मिळायचे. मी अंबाड्यात खोचलेली असायचे. त्या हसल्या की मीही हलायचे.

गठ्ठा घेऊन आम्ही के. आर. पुरमच्या आठवडी बाजारात बसायचो. शाळेत कन्नड शिकणारी आपली मराठी पोरे घरची भाषा त्या चौकोनांतून वाचायची. “तुळीची अक्का आली!” अशी हाक यायची. ती हाक म्हणजे गोजराबाईंची सारी मिळकत.

एकसष्ट साली ती हाक बंद पडली. नेहमी अंक घेणाऱ्या कस्तुराबाईंनी त्या दिवशी हातातला अंक परत ठेवला.

“बेडा अक्का, नको. रंगीत आलंय ना आता. त्याची नक्कल करून विकता होय? तुमच्याकडून असं वाटलं नव्हतं.”

त्यांच्या पिशवीतून रंगीत पुस्तक निघाले. तीच तुळी, तीच म्हैस, त्याच ओव्या. वर नाव अप्पासाहेबांच्या छापखान्याचे. गोजराबाईंनी पान उलटले. प्रत्येक डोळ्याला फट. प्रत्येक बांगडीला फट. मित्रांनो, ते पुस्तक धातूच्या ठशांवर छापलेले. तिथे काही गळून पडत नाही. तिथे फट कशाला? ती फट ज्या हाताला सवयीने ठाऊक, असा दुसरा हात अख्ख्या गावात एकच होता.

त्या संध्याकाळी गोजराबाईंनी त्या हाताच्या धन्याला, कृष्णाजींना, जेवायला वाढले. भाकरी वाढली, वर तूप वाढले. विचारले काहीच नाही. मी अंबाड्यात जळत होते. विचारा ना! पण त्यांना वाटले, हे त्याने आपणहून सांगावे. तो खाली बघून जेवला आणि हात धुऊन निघून गेला.

नंतर बाजारात पोरे ‘नक्कलवाली’ म्हणू लागली. गोजराबाईंनी मला सुयांच्या डब्यात टाकले. सात वर्षे! माझ्या अंगावर गंज चढला. मित्रांनो, लेखणी पुसून ठेवा, हे तुम्हाला गुरुजी सांगतात. मी आणखी एक सांगते. चित्र आवडले तर ते कुणी काढले ते विचारा. तुम्ही विचारत नाही, म्हणून चोराचे फावते.

अडुसष्ट साली अप्पासाहेब स्वतः घरी आले, ऐसपैस बसले.

“कृष्णाजी, सात वर्षं झाली. पोरं पत्रं लिहितात, पुढं तुळीचं काय होतं? आज गोष्ट घेतल्याबगर मी उठत नाही. अक्का, तुम्ही स्वल्प कॉफी टाका, तवर तो सांगेल.”

कृष्णाजी बाहीचे बटण काढू-लावू लागले. उतरवून काढायला पुढे काही नव्हतेच.

“अरे, तुझ्याच डोक्यातली ना ती?”

गोजराबाई कॉफीला गेल्या नाहीत. त्यांनी डबा उघडला, मला बाहेर काढले, पदराने पुसले आणि कृष्णाजींच्या हातात दिले. समोर मेणकागदाचा जुना तुकडा ठेवला.

“काढा, भाऊजी. नुसता डोळा काढा.”

त्याने मला मेणकागदावर टेकवले. मी त्याच्या बोटात रुतले. मुद्दाम रुतले. तरी त्याने गोल ओढला, आणि मिटण्याआधी, मोहरीएवढ्या अंतरावर, हात आपोआप थांबला. तिघेही त्या फटीकडे बघत राहिले.

“मिटवा की,” गोजराबाई म्हणाल्या. “तुमच्या पुस्तकात कुठं काय गळतं?”

त्याने मला खाली ठेवले.

“अप्पासाहेब, तुळी वहिनींची आहे. म्हैस वहिनींची, ओव्या वहिनींच्या. मी चोरली.”