मिठाची परीक्षा

दुकानदारानं तापमान आणि हवेतला ओलावा मोजणारी पाच यंत्रं काउंटरवर ओळीनं मांडली आणि पाचांनी पाच वेगळे आकडे सांगितले. एकच काउंटर, एकच पंखा, तरी पाच पंचांचे पाच निवाडे.

"यातलं खरं कुठलं?" तिनं विचारलं.

"सगळी खरीच की ताई. थोडं इकडंतिकडं चालतं."

"अंड्यांना नाही चालत. पाचही द्या. खोटी ठरतील ती परवा परत आणीन."

ती शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला होती. मोजल्याशिवाय तिचा कशावर विश्वास बसत नसे. नवरा म्हणायचा, हिनं लग्नाला होकारसुद्धा मला फूटपट्टी लावून दिला. पण या वेळी तिचा जीव खरोखरच टांगणीला लागला होता. सासऱ्यांनी तीस वर्षं जपलेल्या काळ्या कोंबड्यांच्या वाणाची शेवटची नऊ अंडी घरात होती. उरलीसुरली कोंबडी चार दिवसांपूर्वी कुत्र्यानं धरली. सासरे तर आठ महिन्यांपूर्वीच गेले. या नवांतून पिल्लं निघाली नाहीत, तर वाण संपला.

घरी येऊन तिनं परीक्षा मांडली. आधी प्रत्येक यंत्राची तापमानाची तार बर्फाच्या चुऱ्यात, मग कोमट पाण्यात, तापाच्या थर्मामीटरशेजारी. हवेतल्या ओलाव्याची परीक्षा मात्र मिठाची. बाटलीच्या बुचात मीठ घ्यायचं, ओल्या वाळूइतपत भिजवायचं आणि यंत्रासोबत डब्यात घट्ट बंद करायचं. दिवसभरानं आत बरोबर पंचाहत्तर टक्के ओलावा होतो. डब्यात जागा होती म्हणून तिनं ओलावा मोजायचा जुना, काट्याचा हायग्रोमीटरही ठेवून दिला. गेल्या वर्षी तिनंच हौसेनं आणलेला, पितळी कडेचा. दिसायला इतका देखणा की तपासायचं राहूनच गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी डबा उघडला. तीन यंत्रं पंचाहत्तरवर, दोन नापास. आणि पितळी काटा पंच्याण्णववर.

तिनं काच ठोकून पाहिली, काटा पंच्याण्णववरच.

सासरे ओलावा कधी यंत्रानं मोजत नसत. रोज दुपारी चारला चहाचा कप घेऊन ते उबवणीच्या पेटीपाशी जायचे, झाकण उचलायचे आणि एक अंडं मिटलेल्या पापणीवर टेकवायचे. गेल्या वर्षी उबवणीच्या शेवटच्या दिवसांत ते म्हणाले होते, "पोरी, आत कोरडं झालंय. पापणीला कळतंय."

"बाबा, काटा पासष्ट दाखवतोय. तुमची पापणी काय प्रयोगशाळेत तपासून आणलीय का?" ती म्हणाली होती आणि झाकणाला कुलूप लावलं होतं. बाराही पिल्लं कवचाच्या आत सुकून चिकटून मेली. त्यावर ती वरून बोलली, "सारखं झाकण उघडलंत, म्हणून मेली." सासरे उठून बाहेर गेले. त्या खोलीत ते पुन्हा आले नाहीत. दोन महिन्यांनी गेलेच.

काटा पासष्ट दाखवत होता तेव्हा आत पंचेचाळीस होतं. पापणी खरी होती. हे तिनं नवऱ्याला सांगितलं नाही. कुठल्या तोंडानं सांगणार?

नऊ अंडी पेटीत गेली. तापमान साडेसदतीस, ओलावा अठ्ठेचाळीस, तिन्ही यंत्रं एकमतानं. तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता तिन्ही आकडे एकदम चढले. पंचावन्न, साठ, सदुसष्ट. झाकण बंद होतं. सात मिनिटांनी आकडे उतरले. चौथ्या दिवशी चारला तेच. पाचव्याही.

तिनं स्वयंपाकघरातला कुकर बंद ठेवून पाहिला, खिडक्या लावून पाहिल्या, पेटी दुसऱ्या खोलीत हलवली. चार वाजले की आकडे चढायचेच. आरशावर तोंडाची वाफ धरावी, तसा काचेच्या झाकणावर आतून एक ओला गोल उमटायचा.

"यंत्रं बिघडलीत. परत करून टाक," नवरा म्हणाला.

तिनं पुन्हा मीठ मांडलं. पंचाहत्तर, पंचाहत्तर, पंचाहत्तर. एखादं खोटं निघालं असतं तर तिला रात्री झोप लागली असती.

ती घाबरली, आणि स्वतःसाठी नाही. सुरुवातीच्या दिवसांत ओलावा फार झाला तर पिल्लं कवचात बुडून मरतात. बाबा हिशेब चुकता करायला आलेत, असं तिच्या मनानं घेतलं. दुपारचे चार वाजत आले की ती पेटीपाशी येऊन उभी राहायची. तरी एकदाही तिच्या तोंडून माफीचा शब्द फुटला नाही.

अठराव्या दिवशी नियमाप्रमाणे तिनं पेटीच्या तळाशी ठेवलेल्या ताटलीत पाणी वाढवलं. आता पासष्टच्या वर हवं होतं. विसाव्या दिवशी शाळेत परीक्षा होती. घरी पोचायला तिला पाच वाजले. खोलीत पाऊल टाकताच पायाला ओल लागली. ताटलीला तडा गेला होता आणि सगळं पाणी केव्हाच फरशीवर वाहून गेलं होतं. ताटली कोरडी ठणठणीत. पिल्लं सुकायला तेवढं पुरे होतं.

तिनं आकडे पाहिले. अडुसष्ट. तिन्हींवर अडुसष्ट.

एकही अंडं अजून फुटलं नव्हतं. आत पाण्याचा थेंब नव्हता. झाकणावरचा ओला गोल मात्र ताजा होता, आणि आज तो सात मिनिटांत विरला नव्हता. तासभर कुणीतरी तिथं वाकून उभं होतं.

तिला रडू फुटलं. "बाबा, काटा खोटा होता," ती म्हणाली. "तुमची पापणी खरी होती. पिल्लं माझ्यामुळे मेली, आणि मी तुम्हाला बोलले. चुकलं माझं."

झाकणावरचा गोल कडेकडून आटू लागला. सदुसष्ट. एकसष्ट. चौपन्न. ती भानावर आली, धावत जाऊन पाणी आणि दुसरी ताटली घेऊन आली, फडकी भिजवून आत ठेवली. आकडे थांबले, मग सावकाश वर आले. या वेळी पाण्यानं.

दुसऱ्या दिवशी नऊच्या नऊ पिल्लं निघाली. काळीकुळकुळीत, भुकेनं घर डोक्यावर घेणारी. नवरा गल्लीभर सांगत सुटला की बायकोनं यंत्रं पारखून आणली म्हणून वाण वाचला.

त्यानंतरच्या दुपारी तिनं दोन कप चहा केला आणि ती रिकाम्या पेटीपाशी जाऊन बसली. चार वाजले. तिन्ही आकडे अठ्ठेचाळीसवर होते. सव्वाचार झाले, साडेचार झाले, एकही आकडा हलला नाही. दुसऱ्या कपातला चहा गार झाला.

यंत्रं तिनंच तपासून घेतली होती. आता खोलीत कुणीच नाही, हे यंत्रं खरंच सांगत होती.