लाल ठिपका

अण्णा चारला येणार होते आणि मी सकाळपासून तीनदा चहा केला, तिन्ही वेळा प्यायला विसरलो. अकरा वर्षांनी माझा थोरला भाऊ माझ्या चामराजपेटेतल्या दुकानाची पायरी चढणार होता, तोही स्पीकर न्यायला. त्यांचा जावई रविकुमार आठवड्यापूर्वी तो बॉक्ससकट टाकून गेला होता. आतल्या कागदी कोनची कड फाटली होती.

स्पीकर आमच्या जोडीतला. पंच्याऐंशी साली मोडीतल्या रेडिओग्राममधून काढलेले दोन आठ-इंची, एकाच कागदी कोनमधून खर्जही देणारे आणि वरचे सूरही. कोन मी दुरुस्त केले, सागवानी बॉक्स अण्णांनी बनवले. जोडी लावली तर खर्ज गायब, गाणारा जणू शेजारच्या घरात. "बॉक्सला फट आहे. तुम्हाला लाकूड जोडता येत नाही," मी चार गिऱ्हाइकांसमोर बोललो. मला तोंड सांभाळता येत नाही, कधीच आलं नाही. अण्णा एक बॉक्स उचलून गेले आणि कापडाच्या दुकानात नोकरीला लागले.

आता कड पातळ कागदाने सांधून झाली. राहवेना, म्हणून शेजारी माझा ठेवून जोडी लावली. तोच पोकळ आवाज! मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. अण्णांच्या बॉक्सच्या सांध्यांत पुट्टी भरली. फरक नाही. आत कापूस वाढवला, मग काढला. काही नाही. तीन वाजून गेले. शेवटी चिडून दीड व्होल्टचा सेल घेतला. स्पीकरच्या मागे लाल ठिपका असलेल्या टोकाला प्लस लावला की कोन बाहेर यायला हवा. माझा आला. अण्णांचा आत गेला. दोघे एकमेकांचा खर्ज खात होते.

ठिपका उलट्या टोकाला होता. आमच्या बहिणीच्या, मथुराअक्काच्या नेलपॉलिशने तो मीच लावला होता. तेव्हा सेल लावून बघायचा कंटाळा केला होता.

वायरी उलटवल्या. खर्ज आला, गाणारा दोन बॉक्सच्या मधोमध येऊन उभा राहिला. थिनरचं फडकं घेतलं. ठिपका पुसायला दोन सेकंद पुरे, कुणाला कळणार होतं?

तेवढ्यात अण्णा आत आले. स्टुलावर बसून ऐकत राहिले.

"सरी," ते कानडीत म्हणाले. "आता बरोबर वाजतंय. खंडू, फट कुठे सापडली रे? मी चारदा बॉक्स खोलला. मेणबत्ती धरून सगळे सांधे बघितले, ज्योत कुठे हलेचना."

मी फडकं खाली ठेवलं. "फट नव्हतीच, अण्णा. ठिपका मी चुकीचा लावला होता. वायरी उलट्या जोडल्या गेल्या."

गाणं संपलं. अण्णांनी सांध्यावरची माझी पुट्टी नखाने खरवडली. खालचं लाकूड केसभरही उघडं नव्हतं. त्यावरून ते अंगठा फिरवत राहिले.

"म्हणजे," ते म्हणाले, "त्यानंतर मी करवत हातात धरली नाही, ती उगीचच."