एक्याण्णव रोपांच्या रांगा

जामखेडच्या पुढे एका रोपवाटिकेत भिमाजी राखणीला होता. बायको वारल्यावर त्यानं एकुलत्या एका लेकीला, ज्ञानेश्वरीला, श्रीरामपूरच्या वसतिगृहात घातलं. ती पाचवीला होती. चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतर तिचं पोस्टकार्ड आलं. ‘आबा, मूळ संख्या आणि संयुक्त संख्या मला कळत नाहीत. बाईंना विचारायची भीती वाटते.’

भिमाजी चौथी शिकलेला. पण लेकीनं पहिल्यांदाच काही मागितलं होतं. तो गावातल्या शाळेत गेला. गोरक्षनाथ गुरुजी घरी निघायच्या घाईत होते.

“फक्त एकानं आणि स्वतःनंच भाग जातो, ती मूळ संख्या. मधल्या आणखी कशानं भाग गेला, की संयुक्त,” एवढं सांगून ते सायकलवर बसले.

भिमाजी ते घोकत परतला, पण डोक्यात काही उतरेना.

दुसऱ्या दिवशी कडुलिंबाच्या रोपांच्या पिशव्या वाफ्यात लावताना त्यानं बारा पिशव्या बाजूला काढल्या. दोन सारख्या रांगा झाल्या. तीन झाल्या, चारही झाल्या. मग तेरावी पिशवी घेतली. आता कितीही सारख्या रांगा करा, पिशव्या उरायच्याच. सगळ्यांची मिळून एकच लांब रांग तेवढी जमायची.

“म्हंजी बारा संयुक्त आन् तेरा मूळ!” तो मोठ्यानं म्हणाला. ऐकायला कुणी नव्हतं.

त्याला वाटलं, विषम तेवढ्या सगळ्या मूळ. पण नवाच्या तीन-तीनच्या तीन रांगा झाल्या. दोन मात्र सम असूनही मूळ निघाले. आठवडाभर तो संध्याकाळी पिशव्या हलवत राहिला. एक्याण्णव त्याला मूळच वाटत होते; सहा रांगांपर्यंत काही जमलं नव्हतं. सात रांगा केल्यावर मात्र प्रत्येकीत तेरा-तेरा पिशव्या चपखल बसल्या. हे कुणाला तरी सांगावं म्हणून तो फाटकापर्यंत गेला आणि उगाच रस्त्याकडं बघून परत आला.

रविवारी दोन एसट्या बदलून तो श्रीरामपूरला पोचला. ज्ञानेश्वरी व्हरांड्यात आली. उंच झाली होती.

“तुझ्या त्या संख्या समजून आलोय बघ.”

“आबा, ते झालं की. वर्गातल्या भारतीनं शिकवलं मला. चाचणीपण झाली.”

भिमाजी व्हरांड्याच्या कठड्याला टेकला. मग हळूच म्हणाला, “एक्याण्णव कंची?”

“मूळ.”

“न्हाई. तेरा सत्ते एक्याण्णव.”

तिनं बोटांवर मोजून बघितलं आणि हसली. “कुणी सांगितलं तुम्हाला?”

“रोपं लावून बघितली.”

“मग एक कोणती?”

“मूळच की. त्याची एकच रांग हुती.”

“नाही आबा. मूळ संख्येला दोन विभाजक लागतात. एकाला एकच आहे. म्हणून तो मूळही नाही आणि संयुक्तही नाही.”

त्याला आणखी विचारायचं होतं, पण जेवणाची घंटा झाली. “पुढच्या महिन्यात याल ना?” म्हणत ती मैत्रिणींबरोबर आत गेली.

नगरच्या स्टँडवर जामखेडची गाडी तासाभरानं होती. बाकावर शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, “कुठून आलात?”

“लेकीकडून. लई हुशार हाय,” भिमाजी म्हणाला. “परवा एक्याण्णव रोपं घेतली मी...”

तेवढ्यात सोनईची गाडी लागली. बाई पिशवी उचलून धावली. भिमाजीनं पाय वर घेतले आणि तो आपल्या गाडीची वाट बघत बसला.